डोळे ठेवू की कान?

डॉक्टरांनी दोन औषधं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा माझ्या मावशीचा चेहरा असा उजळला, की कुणाला वाटावं बाई पडद्याचं कापड निवडायला आलीय.

"हे इंजेक्शन घेतलं तर कानांवर परिणाम होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. "या गोळ्या घेतल्या तर डोळ्यांवर. होईलच असं नाही. पण झालाच, तर कशावर झालेला तुम्हाला चालेल ते तुम्हीच ठरवा. सोमवारी येऊन सांगा."

मावशीच्या मणक्यात एक चिवट जंतू घर करून बसला होता आणि त्याला हुसकायला एवढे दोनच उपाय उरले होते. काका, म्हणजे मावशीचे यजमान, बसल्या जागी पांढरेफटक पडले. मावशी मात्र चष्मा पुसत पुसत म्हणाली, "अगं बाई! म्हणजे मी म्हणेन तसं?"

जिना उतरताना तिची टकळी सुरूच होती. "आजवर मला कुणी काही विचारलंय का, सांग. लग्न वडिलांनी ठरवलं, घर ह्यांनी ठरवलं, नाटकं मॅनेजर ठरवतो. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यापुढे दोन वस्तू ठेवून म्हणतंय, बाई, उचला."

"उचला नाही गं, टाका म्हणतायत," काका म्हणाले.

"तेच ते. एक टाकली की दुसरी उचललीच ना?"

काकांनी यावर नेहमीसारखा हुंकार दिला. रंगमंचावर हा माणूस गडगडायचा, घरी मात्र चहा गार झालाय एवढंच काय ते स्पष्ट बोलायचा. मावशी अख्ख्या रस्त्यात हसत होती. पण रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला, तेव्हा तिची बोटं बर्फासारखी गार लागली.

कारण प्रश्न साधा नव्हता. मावशी आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या अंधारात, छोट्या दिव्याखाली नाटकाची वही धरून उभं राहायचं आणि नट अडला की हळूच पुढचं वाक्य द्यायचं, हे तिचं काम. डोळे वहीवर आणि कान रंगमंचावर. दोन्हीतलं काहीही गेलं असतं तरी विंग सुटणार होती, आणि विंगेशिवाय मावशी म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्याच कंपनीत कपडेपट सांभाळते, इस्त्री करते, तुटलेली बटणं लावते. तिला मावशी सगळेच म्हणायचे, पण रक्ताची भाची मी एकटीच, हे मी दिवसातून एकदा तरी ऐकवायचेच.

तिचा एक दंडक होता. खेळ सुरू झाला की वहीवरून नजर काढायची नाही. "नटाच्या तोंडाकडे बघणारा प्रॉम्प्टर कामातून गेला," ती म्हणायची. "तोंड फसवतं. कुणी भाव खाण्यासाठी थांबतो, कुणी खरंच विसरतो, चेहरा दोघांचा सारखाच. श्वास ऐकायचा. विसरलेला माणूस श्वास आत घेतो आणि आतच ठेवतो." त्यामुळे आमची सगळी नाटकं तिला तोंडपाठ होती, आणि त्यातलं एकही तिनं पाहिलेलं नव्हतं.

तर आता मावशीनं कंपनीत कौल घ्यायला सुरुवात केली. जो भेटेल त्याला, "काय रे, डोळे ठेवू की कान?" दिवेवाला म्हणाला डोळे, अर्थातच. पेटीवाला म्हणाला कान, आणि वर रुसला, की विचारावं का लागतं. कंपनीची नायिका, जिला आम्ही राणीसरकार म्हणतो, ती म्हणाली, "मावशी, कान ठेवा, मी चार वाक्यांमागे एक विसरते." मॅनेजर म्हणाला, दोन्ही ठेवायची काही सोय नाही का, त्याची डॉक्टरांशी बोलायची तयारी आहे. काकांना विचारलं तर ते दाढीचा गोंद शोधायला निघून गेले.

"असं तोंडी नाही कळायचं," मावशीनं जाहीर केलं. "वापरून बघायला हवं. शनिवारी डोळ्यांविना, रविवारी कानांविना."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. पण मावशीला नाही म्हणायची छाती कुणाचीच नव्हती, कारण त्या कंपनीत असा एकही नट नव्हता ज्याची अब्रू तिनं कधी ना कधी राखली नव्हती.

शनिवारी दुपारच्या खेळाला तिनं काकांचा मफलर डोळ्यांवर करकचून बांधला. पहिला अंक इतका झकास गेला, की राणीसरकार विसरण्याआधीच वाक्य तिच्या कानात हजर. मावशीला चेवच चढला. प्रॉम्प्ट देता देता ती एकेक पाऊल पुढे सरकत राहिली, आणि दुसऱ्या अंकात, नायिका बापाच्या मृत्यूची बातमी ऐकते त्या क्षणी, प्रेक्षकांना दिसलं की डोळ्यांवर मफलर बांधलेली एक बाई रंगमंचावर येऊन पडद्याला कळवळून सांगतेय, "नाही, नाही, हे खोटं आहे!" पडद्याला काय बोलायचं होतं! प्रेक्षक हसून हसून लोळले. नायिकाही बापाच्या निधनावर खिदळली. मी धावत जाऊन मावशीला कमरेला धरून आत ओढली, तर ती मलाच म्हणते, "शूऽ! हळू! खेळ चालू आहे."

"आता पुरे," मॅनेजर म्हणाला.

"अर्धाच झालाय," मावशी म्हणाली.

रविवारी तिनं कानांत मेणाचे गोळे घातले, वर कापूस, वर रुमाल. मेकअपच्या खोलीत ती सगळ्यांशी एवढ्या मोठ्यांदा बोलत होती, की बाहेर तिकिटाच्या खिडकीवरच्या लोकांना काकांच्या पोटाची तक्रार समजली. मग दिवे मालवले आणि ती विंगेत उभी राहिली. मी तिच्या मागेच होते, पुन्हा ओढायची वेळ आली तर असावं म्हणून.

पण ऐकूच येत नाही म्हटल्यावर वहीत बघून तरी काय कळणार? कोण कुठल्या ओळीवर आहे, हे ओठांवरून शोधायला हवं. तेव्हा मावशीनं नाइलाजानं मान वर केली. आणि मग ती खाली घालेचना! राणीसरकारचा पदर, खिडकीतून येणारा दिवेवाल्याचा पिवळा उजेड, तलवारीसारखी छत्री फिरवणारा खलनायक, सगळं ती जत्रेत आल्यासारखी बघत होती. मधूनच माझ्या बरगडीत कोपर मारून म्हणायची, "अगं, हा रंगमंचावर एवढा बुटका दिसतो?" मी तिचं तोंड दाबत होते.

शेवटचा अंक काकांचा. बायकोला टाकून गेलेला माणूस म्हातारपणी परत येतो. घर रिकामं. तो उंबऱ्यात थांबतो, बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग हाक घालतो, "कुणी आहे का घरात?" त्या थांबण्यावर आमचं अख्खं नाटक उभं होतं. ती जागा आली. काका उंबऱ्यात थांबले. आणि त्यांनी मान वळवून विंगेकडे पाहिलं, थेट मावशीकडे.

मावशी ताठ झाली. उभ्या जन्मात तिनं चालू खेळात काकांचा चेहरा पाहिला नव्हता आणि पहिल्यांदा पाहिला, तर ते तिच्याकडे टक लावून गप्प उभे. याचा अर्थ प्रॉम्प्टरला एकच कळतो. मी तिला आवरायच्या आत, कान बंद असलेल्या माणसाच्या खणखणीत आवाजात, तिनं वाक्य दिलं.

"कुणी आहे का घरात?"

शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते. मॅनेजर पलीकडच्या विंगेत मटकन खाली बसला. काकांनी मात्र मान परत फिरवली नाही. तिच्याकडेच बघत, आपल्या त्या गडगडाटी नव्हे, घरच्या आवाजात म्हणाले, "मी आहे ना. तूच ये की बाहेर. किती वर्षं उभी राहशील त्या अंधारात?"

प्रेक्षकांना वाटलं टाकलेली बायकोच आतून बोलली. जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो पडदा पडला तरी थांबेना. मी हसत होते की रडत होते मलाच कळेना. आणि मावशी माझा दंड हलवून ओरडत होती, "काय म्हणाले? काय म्हणाले ते?"

आत आल्यावर तिनं रुमाल, कापूस, मेण सगळं काढलं आणि आधी काकांवरच घसरली. "पाठ असलेलं वाक्य विसरता? लाज आहे की नाही? विंगेकडे तोंड करून उभे!"

"विसरले कुठे?" राणीसरकार केसांतल्या पिना काढत म्हणाली. "ते त्या जागी रोजच तसं बघतात."

"रोज?"

"प्रत्येक खेळाला. आधी तुमच्याकडे बघतात, मग वाक्य. मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं?"

दिवेवाला म्हणाला, तो त्या बघण्यावरच पुढचा दिवा टाकतो. पेटीवाल्यानं मान डोलावली. मीही डोलावली. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं आणि तिला माहीत असणार हे आम्ही गृहीतच धरलं होतं. काका एव्हाना आरशाकडे तोंड करून दाढी उपटत होते, आणि त्यांचे कान मागून लालबुंद दिसत होते.

मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ते काय बोलले, ते सांग." मी शब्दन् शब्द सांगितला. तिनं परत सांगायला लावला.

सोमवारी आम्ही तिघं पुन्हा त्याच टेबलासमोर. डॉक्टरांनी विचारलं, "ठरलं?"

"इंजेक्शन द्या," मावशी म्हणाली. "कान गेले तर जाऊ देत."

"नीट विचार केलात ना? तुमचं काम तर ऐकण्याचं म्हणता."

"ऐकलेलं दुसरा कुणीही सांगतो हो. ह्या पोरीनं मला काल सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही." तिनं चष्मा पुसला. "पण हे माझ्याकडे बघतात ते मंडळींनी इतकी वर्षं पाहिलं, आणि एकालाही मला सांगता आलं नाही. ते मलाच बघायला हवं."

डॉक्टर कागद ओढून इंजेक्शन कसं, किती दिवस, काय काळजी घ्यायची ते समजावू लागले. मावशीनं आपली खुर्ची करकर वाजवत फिरवली, ती थेट काकांसमोर आणून ठेवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसली.

"बाई, इकडे लक्ष द्या," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही बोला," मावशी म्हणाली, नजर न हलवता. "अजून येतंय ऐकू."