आईनं रोवलेले डांब

परसाचं कुंपण बाभळीच्या डांबांचं होतं. एकोणीस डांब, दोन-दोन पावलांवर एक, मध्ये बांबूच्या कामट्या तारेनं आवळलेल्या. ते आईनं उभं केलं होतं. वडील तेव्हा बस चालवत. आठवड्यातले चार दिवस बाहेर असत. घर जळकोटच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडं आत. परसात कढीपत्ता, अबोली आणि कुंपणावर चढवलेले वालाचे वेल.

कुंपण कधी बदलायचं हे आई ठरवायची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. त्या दिवशीच्या भज्जीत, म्हणजे मिसळभाजीत, पडणारा वाल आमच्या कुंपणावरचा असे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खुरपं घेऊन डांबांना लागायची. पावसाळ्यात ती त्यांच्याकडे बघायचीही नाही. काळी जमीन तेव्हा फुगलेली असते, कुजलेला डांबही घट्ट धरून ठेवते. थंडीत भेगा पडू लागल्या की पकड सुटते. मग ती एकेक डांब हलवून बघायची, बुडाची माती उकरायची आणि खुरप्याचं टोक लाकडात दाबायची. टोक पेरभर आत गेलं तर डांब बदलायचा, वरून तो कितीही चांगला दिसो. मी हे लहानपणी दरवर्षी पाहिलं. पुढे पुण्याला गेले, दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासू लागले. आईला मात्र कधी काही विचारलं नाही.

आई गेली तो भादवा होता. पुढच्या पावसाळ्यात वडिलांनी तिनं ठेवलेलं वालाचं मूठभर बी लावलं, डांबांच्या अगदी बुडाशी. पाणी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. फोनवर ते वेलांची खबर देत. "आज सहावा डांब फुलला," म्हणत, जणू फूल लाकडालाच आलं आहे.

त्या वर्षीच्या येळवशीला मी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुरपं माझ्या हातात दिलं.

"तू बघ. तिचं तुला ठाऊक हाय."

पहिल्याच डांबात अर्धं पातं गेलं. दुसऱ्यातही. शेवटपर्यंत बहुतेक सगळ्यांची तीच गत होती. कुंपणापलीकडे राहणारी थोरली काकू आवाज ऐकून आली. तिनं वाकून बुडं पाहिली.

"भाऊजी, राख कुठाय?"

"कसली राख?"

"चुलीची. डांबाच्या बुडाला ती राख घालायची. वाळवी लागत न्हाय त्यानं."

"ती वेलाला हुती की."

"वेलाला कशाला? वेल हातभर लांब असायचा. पाणी त्याच्या आळ्यात. तुमी तर डांबालाच दोन टाइम आंघोळ घालायलाव. लाकूड हाय ते, नवरदेव न्हाय."

वडील हसले नाहीत. घरात गॅस आला होता आणि आई गेल्यावर चूल पेटलीच नव्हती. राख कशासाठी असते हे विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"मला वाटलं, तिचं हाय, सुकाया नगं," ते म्हणाले.

काकूचा आवाज उतरला. "नवे घाला आता. न्हायतर सिमेंटचे पोल घाला अन् जाळी मारा, आमच्यावानी."

"न्हाय वहिनी."

काकू गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "तिच्या हातचं घरात काय उरलंय सांग. लुगडी तू वाटून टाकलीस. हे तिनं रोवलेलं हाय."

लुगडी मी वाटली होती. तेराव्यानंतर दोन दिवसांत, कपाट रिकामं करून. तेव्हा ते योग्य वाटलं होतं. त्यांतलं एक तरी ठेवायला हवं होतं, हे मला त्या सकाळी कळलं.

वडिलांनी तोड काढली. डांब उपटले, कुजलेली बुडं करवतीनं कापली, नवी टोकं जाळावर काळी केली, त्यांना ट्रॅक्टरचं जुनं ऑईल लावलं आणि तेच डांब पुन्हा रोवले. कुंपण छातीवरून कमरेवर आलं. "सगळे तिचेच हायत," त्यांनी फोनवर सांगितलं.

पुढच्या वर्षी वाल हातभर दूर लावला, पाणी आळ्यात घातलं. वेल चांगले आले आणि कार्तिकात शेळ्या आल्या. पुढचे दोन पाय कामटीवर टेकले की शेळी आत. वडिलांनी बोराटीच्या काटेरी फांद्या लावल्या, मग खुर्ची टाकून बसू लागले.

"शेळ्या राखायला बसलाव का?" काकूनं विचारलं.

"शेळ्या तुमच्याच हायत."

"माझ्या शेळ्यांस्नी कुंपण कळतंय. हे कुंपण न्हाय भाऊजी, पायरी हाय."

येळवशीला मी पोचले तेव्हा परस बोडका होता. भज्जीसाठी वाल बाजारातून आणावा लागला. फक्त कोपऱ्यातला एक वेल कढीपत्त्यावर उंच चढल्यामुळे वाचला होता. त्याला मोजक्या शेंगा होत्या. वडिलांनी तोडल्या नव्हत्या. बियाला ठेवल्या होत्या. डब्यातलं सगळं बी त्यांनी त्या वर्षी लावून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खुरपं घेऊन बसले. एकाही डांबात टोक शिरलं नाही. आईच्या हिशेबानं बदलण्यासारखं काही नव्हतं. तसं मी वडिलांना सांगितलं. ते खूश होतील असं वाटलं होतं.

ते वर, कढीपत्त्यातल्या शेंगांकडे बघत होते.

"लाकडाच्या अड्ड्यावर फोन लाव," ते म्हणाले. "एकोणीस सांग. रोवून छातीला येतील असे."

"आणि हे?"

"हे निघू दे. शेळी शेंगापर्यंत पोचली तर तिचं बी संपलं."

दोन दिवसांनी डांब आले. बरोबर पहार घेऊन एक माणूस आला. जुने डांब निघाले, भिंतीला रचून झाले. परस सगळीकडून उघडा पडला. त्या माणसानं विचारलं, कुठून धरू?

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तिनं कुठनं सुरू केलं असतं?"

मला तिचं खुरपं आठवत होतं, मातीत टेकलेला गुडघा आठवत होता, डांब हलवताना ती श्वास रोखायची तेही. पहिला डांब तिनं कोणत्या कोपऱ्यात रोवला असेल, ते माहीत नव्हतं.

"फाटकापासून असेल, अण्णा."

"असेल न्हाय. बघितलंस का?"

"नाही."

माणूस पहार टेकून थांबला होता. वडील परसाच्या कडेनं चालत त्या एकुलत्या वेलापाशी गेले आणि चपलेच्या टाचेनं जमिनीवर खूण केली.

"हितनं घे," ते म्हणाले.