चाचणीवाला

काका मशीनशी बोलत, माणसांशी फारसं नाही. झेरॉक्स, प्रिंटर, स्कॅनर असं सगळं एकाच पोटात असलेली ती मोठी मशीनं शहरातल्या बऱ्याच ऑफिसांत त्यांनीच बसवलेली. झाकण उघडून आत डोकं घातलं की ते पुटपुटत, "काय झालं रे बाबा तुला?" लोक हसत. काकांना त्याचं काही नव्हतं.

मशीनवरून थेट मेल जायला लागली तेव्हा मात्र ते अडले. कागद काचेवर ठेवायचा, बटण दाबायचं आणि तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उमटायचा, इथवर ठीक. पण आधी मशीनला शिकवावं लागे. मेल कोणाच्या खात्यातून जाणार, कुठल्या सर्व्हरवरून, पासवर्ड काय. काकांनी तोवर कोणालाही मेल पाठवली नव्हती. मुलगा तेव्हा शाळेत होता. काका पडद्यावरचं इंग्रजी फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवत आणि तो पलीकडून सांगे, "हं, आता खाली या. अजून खाली. बाबा, फार खाली गेलात." शेवटी तपासायला कोणाचा तरी पत्ता हवा, म्हणून त्याने स्वतःचाच दिला. काकांनी तो यादीत पहिला टाकला. नाव दिलं, ‘चाचणी’.

मग तो शिरस्ताच पडला. नवं मशीन बसलं की पहिला पत्ता चाचणी. मुलगा कॉलेजसाठी दुसरीकडे राहायला गेला, तरी पानं त्याच्याकडे जात राहिली. त्यावरून त्याला कळे, बाबा आज कुठे आहेत. लगेच फोन येई, "आज बँकेत का? पान तिरकं आलंय." एखाद्या ऑफिसात कोणी चुकून पहिलं बटण दाबलं आणि भलताच कागद गेला, तर तो उलट कळवी, की हे माझ्याकडे आलंय, पुन्हा नीट पाठवा.

एका सकाळी रस्ता ओलांडताना त्याला ट्रकने उडवलं. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं.

काही दिवसांनी काका कामावर आले. पिशवी तीच, शर्ट इस्त्रीचा. कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिसांत त्यांनी कोणाला सांगितलं नाही. "बरेच दिवस दिसला नाहीत?" असं कोणी म्हटलं की ते झाकण उघडून आत डोकं घालत.

मग तक्रार आली. एका डॉक्टरांकडून पेशंटचे रिपोर्ट पाठवताना चुकून पहिलं बटण दाबलं गेलं होतं. पेशंट वाट बघत बसला. चूक झाली असं कळवायला पलीकडे आता कोणी नव्हतं. कंपनीच्या मालकाने काकांना आत बोलावलं. तो काकांहून बराच लहान. टेबलावरची पेनं इकडची तिकडे करत म्हणाला, "काका, तो पहिला पत्ता सगळ्या मशीनमधून काढावा लागेल. मी दुसऱ्या कोणाला पाठवू का?"

"नको," काका म्हणाले. "मी टाकलाय. मीच काढतो."

ते ऑफिसामागून ऑफिस फिरू लागले. चाचणी निवडायचं. मशीन विचारी, काढून टाकायचं? काका ‘हो’ दाबत. हात आपोआप चाले. घरी गेल्यावर मात्र तोच हात घास तोंडाशी नेताना मध्येच थांबे, आणि बायको ताटाकडे बघत राही.

असं करत करत ते वकिलांच्या ऑफिसात आले. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे वकिलांपेक्षा हेडक्लार्क बाईंचं राज्य. बाईंचे केस सगळे पांढरे, जीभ तिखट.

"आलात? कालपासून मेल जात नाहीये. साहेबांनी मशीनला दोन गुद्दे घातले. मी म्हटलं, अहो, ते आरोपी नाही."

मेलवाल्यांनी नियम बदलले होते. खात्याचा नेहमीचा पासवर्ड मशीनला चालेना, त्याच्यासाठी वेगळा लांबलचक पासवर्ड काढावा लागला. काका एकेक अक्षर टाकत बसले. बाईंनी चहा मागवला. इथला चहा कायम कमी गोड. काकांची समजूत होती, की वकील हात आखडून साखर घालायला सांगतात.

"झालं का? थांबा, मी पाठवून बघते," बाई उठल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालच्या तारखेचं पान त्यांनी फाडलं आणि काचेवर ठेवलं. "रोज सकाळी आल्या आल्या हेच करते मी. मशीन जागं आहे का ते कळतं." त्यांनी पहिलं बटण दाबलं. पडद्यावर आलं, मेल पाठवली.

काका चहाचा कप घेऊन खुर्चीवर बसले.

"बरं, तुमच्या कंपनीतला तो चाचणीवाला कुठे गेला हो?" बाई म्हणाल्या. "बदली केलीत की काय? रोज उत्तर द्यायचा मेला. मी कालचं पान पाठवलं की लिहायचा, ‘काल मिळाला. आज कधी पाठवताय?’ हल्ली एक अक्षर नाही. रुसला की काय माझ्यावर?"

"तो कंपनीत नव्हता," काका म्हणाले.

"मग?"

"माझा मुलगा."

"अगोबाई! आणि हे इतक्या वर्षांत सांगायचं नाही? तरीच! मला लिहिलं होतं त्याने, ‘आमचे मोठे इंजिनियर येतील, त्यांना चहात साखर कमी द्या. डॉक्टरांनी सांगितलंय, ते स्वतः बोलायचे नाहीत.’ तेव्हापासून मी चहावाल्याला बजावून ठेवलंय. आता असतो कुठे?"

काका कपाकडे बघत होते. नातेवाइकांनी नातेवाइकांना कळवलं होतं. कंपनीत कोणीतरी परस्पर सांगितलं होतं. त्यांच्या तोंडून ते वाक्य अजून निघालं नव्हतं.

"नाही तो आता," ते म्हणाले. "गेला. अपघातात."

बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. खाली दुकानात कोणीतरी एक नंबर मोठी चप्पल मागत होतं.

"मग मी रोज कोणाला पाठवत होते?" बाईंनी हळूच विचारलं.

"जात होतं ते. बघायला कोणी नव्हतं." काकांनी कप बाजूला सारला. "पत्ता काढायला आलोय."

"राहू द्या की हो. मी चुकून काही पाठवायची नाही."

"तुम्ही नाही पाठवणार. दुसरं कोणी पाठवेल. कोणाचं तरी मृत्युपत्र जाईल त्याच्याकडे. तो काय करणार त्याचं?"

काका मशीनपाशी गेले. चाचणी निवडलं. काढून टाकायचं? या वेळी हात आपोआप चालला नाही. पडदा मंद झाला, विझला. त्यांनी तो पुन्हा जागा केला, पुन्हा निवडलं आणि ‘हो’ दाबलं. खालची नावं एकेक घर वर सरकली.

ते परत येऊन खुर्चीवर बसले. पिशवी आवरली नाही.

"त्याची उत्तरं आहेत तुमच्याकडे?"

"सगळी आहेत. मी काही पुसत नाही. साहेब ओरडतात, जागा भरली म्हणून. ओरडू देत."

"मला दाखवू नका. वाचा. अगदी पहिल्यापासून."

बाईंनी चष्मा चढवला, खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली आणि बराच वेळ खालून वर शोधत राहिल्या. मग घसा साफ करून वाचायला लागल्या. "‘नमस्कार. तुमचं पान उलटं आलंय. मी मान वाकडी करून वाचलं. आता मान तशीच राहिली आहे.’"

काका हसले. हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाई थांबल्या.

"वाचा," ते हातांच्या आडून म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कंपनीतली मुलगी विचारत होती, वकिलांकडचं झालं का, पुढच्या ठिकाणचे लोक खोळंबलेत.

"मशीनचं झालं," काका म्हणाले. "पुढे दुसऱ्या कोणाला पाठव. मला इथे वेळ लागेल."