आधी ढकलून बघा

लंगडणारा माणूस दिसला की कुणीही विचारतं, "काय झालं? कसं लागलं?" अक्का तसं विचारायच्या नाहीत. त्या थेट म्हणायच्या, "गाडी सर्व्हिसिंगहून कधी आणली होती?" बसस्टॉपवर, देवळात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. समोरचा गोंधळायचा. पण बऱ्याच जणांचा चेहरा दुसऱ्याच क्षणी बदलायचा, आणि तो म्हणायचा, "परवाच आणली होती. तुम्हाला कसं कळलं?" मग अक्कांच्या कपाळावरची शीर उठायची, आणि पंगतीतलं वातावरण बिघडायचं.

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून बेंगळूरला नोकरीसाठी गेलो, तेव्हा राजाजीनगरात अक्कांच्या घराच्या गच्चीवरची खोली मला भाड्यानं मिळाली. त्यांचं माहेर निपाणीकडचं, लग्न होऊन बेंगळूरला आल्याला वीस-पंचवीस वर्षं झालेली. त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं होतं की त्यांना स्वतःला ते वेगळं काढता आलं नसतं. सरकारी इस्पितळाच्या हाडांच्या विभागात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. मोडलेली माणसं पुन्हा चालायला शिकवणं हे त्यांचं काम. शिकवायच्याही रागानंच. "रडू नका. स्वल्प टाच टेका. टेका म्हणते ना!" रुग्ण त्यांना घाबरायचे आणि घाबरत घाबरत चालायला लागायचे.

त्यांच्या घरात कुणाला तरी असा अपघात झाला असणार, असं गल्लीत सगळ्यांनी धरलं होतं. मीही तसंच समजत होतो. एकदा शेजारच्या बाईंनी विचारलंच. अक्कांचे यजमान तेव्हा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले, ठणठणीत. पोस्टात नोकरी, जन्मभर सायकल. अक्का म्हणाल्या, "आमच्यात कुणाला काही झालेलं नाही. का? घरच्याला लागल्यावरच राग यायचा असतो काय?" यजमानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

हा राग वॉर्डात तयार झाला होता. पाय टांगून पडलेली माणसं तासन्‌तास बोलतात, आणि अक्का ऐकायच्या. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की त्यातल्या काहींची गोष्ट सारखीच आहे. गाडी चांगली चालत होती, म्हणून सर्व्हिसिंगला टाकली. चकचकीत होऊन आली. आणि मग ब्रेक लागला नाही, किंवा नको तेव्हा लागला आणि सुटलाच नाही. एकदा एक गॅरेजवालाच खुबा मोडून त्यांच्या वॉर्डात आला. त्याच्याकडून अक्का ब्रेक शिकल्या. त्यानं डब्याचं झाकण हातात घेऊन दाखवलं: हा ड्रम, चाकाबरोबर फिरणारा. आत हे दोन शू, ब्रेक दाबला की बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. त्या घासण्यावर गाडी थांबते. तिथं ग्रीस लागलं की संपलं. केबल जास्त ओढली तर शू कायम घासत राहतात, ड्रम तापतो. मागच्या ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीची पिन घालायची राहिली, तर कधीतरी चाक जागीच अडकतं.

तेव्हापासून गल्लीत कुणाचीही गाडी सर्व्हिसिंगहून आली की अक्का फाटकात उभ्या. "चालू करू नको. आधी ढकलून बघ. चालत्या पावलाला जी गाडी थांबत नाही, ती पळताना थांबणार आहे का?" मग हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावायच्या, केबल कुठं ताणते का ते बघायला. मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं आणि ड्रमजवळ हात न्यायचा. ब्रेक न लावता तापला असेल तर गाडी परत. लोक हसायचे. कॉलेजातली मुलं तर मागच्या गल्लीनं घरी जायची.

माझं ऑफिस कोरमंगलाला होतं, म्हणून मी एक जुनी मोटरसायकल घेतली होती. एका शनिवारी ती सर्व्हिसिंगहून आणली. पुढचा ब्रेक नीट लागत नव्हता. सर्व्हिसिंगच्या दुकानाच्या मालकांना तिथंच सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "धुतली आहे ना सर, ड्रममध्ये पाणी गेलंय. सुकेल." मालक गोड बोलणारे होते, दुकानात अगरबत्तीचा वास असायचा. अक्कांनी फाटकात गाडी अडवली, ढकलायला लावली, आणि लिव्हर दाबून बघितली. लिव्हर दगडासारखी कडक, आणि गाडी आपली पुढं सरकते आहे.

"पाणी म्हणाला?"

"हो. सुकेल म्हणाला."

"सरी, बरं. मग सुकवू. हळू चालव, हलका ब्रेक लावत गल्लीत चकरा मार. पाणी असलं तर गरम होऊन सुकतंय, आणि ब्रेक लागतोय. नाही लागला तर पाणी नव्हे ते, तेल आहे. वर केबल आवळून ठेवलीय, तुला हाताला कडक लागावी म्हणून."

चकरा मारल्या. ब्रेक लागला नाही. सोमवारी दुपारी मी गाडी ढकलत आणि अक्का छत्री घेऊन शेजारून चालत, असे आम्ही दुकानापर्यंत गेलो. मालक म्हणाले, "नाळे बन्नि, मेडम." म्हणजे उद्या या. अक्का गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चाक खोला. माझ्यासमोर." कन्नडमध्ये त्यांचा आवाज आणखी चढायचा. रस्त्यावरची माणसं थांबली, तेव्हा चाक खोललं गेलं. शू ग्रीसनं चमकत होते.

मेकॅनिक चाळिशीचा, दमलेला माणूस होता. तो खरं बोलला. "चेन आणि बेअरिंग करताना हाताला ग्रीस असतं, अक्का. हात पुसायला वेळ देत नाहीत. संध्याकाळच्या आत सगळ्या गाड्या द्यायच्या असतात." मालक त्याच्यावर ओरडणार, तेवढ्यात अक्का मालकांकडे वळल्या. "त्याला बोलू नका. हात त्याचा असेल, घाई तुमची आहे."

मला वाटलं, झालं, नवे शू घालून घेऊ आणि घरी जाऊ. पण अक्का उठेनात. त्यांनी मेकॅनिकला विचारलं, "शनिवारी या हातानं आणखी कुणाची पुढची चाकं खोललीस?" त्यानं आठवून सांगितलं. एक शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर होते, आणखी एक-दोघं होते. "त्यांना आत्ता फोन करा," अक्का मालकांना म्हणाल्या. मालकांनी छातीवर हात ठेवला. "सरी मेडम, सरी. मी स्वतः करतो. तुम्ही निश्चिंत जा."

त्याच आठवड्यात ड्रॉइंगचे मास्तर अक्कांच्या वॉर्डात आले. उताराला पुढची बस थांबली, यांची गाडी थांबली नाही. मांडीचं हाड मोडलं होतं. अक्कांनी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला, दुकान कोणतं ते विचारलं, आणि मग विचारलं, "मालकांचा फोन आला होता?"

"कसला फोन?" मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी अक्का मला म्हणाल्या, "गाडी काढ." तोवर मी दुसरीकडून नवे शू घालून घेतले होते. अक्का माझ्या मागं पहिल्यांदाच बसल्या. दुकानात त्या ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. त्या ओरडल्या नाहीत. इतक्या हळू बोलल्या की मालकांना पुढं वाकावं लागलं.

"मास्तरांना फोन केला होता?"

"गडबडीत राहून गेलं, मेडम."

"चला माझ्याबरोबर."

"पोलिसात?"

"नाही. मास्तरांना चालायला शिकवायचंय. माझ्याकडं माणसं कमी आहेत."

ते आले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून अक्का ड्यूटी संपली की दुकानाच्या फाटकाशी उभ्या राहायला लागल्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायच्या, आधी ढकलून बघा. हळूहळू लोक खरंच ढकलायला लागले. संध्याकाळी त्या फुटपाथवर टाय लावलेली, धोतर नेसलेली, सगळी माणसं आपापल्या गाड्या हातानं ढकलत आणि ब्रेक दाबत असायची. काही गाड्या फिरून आत जायच्या. मालकांनी ओळखीच्या पुढाऱ्याकडून निरोप पाठवला, यजमानांना पोस्टात जाऊन समजावलं. यजमान त्यांना म्हणाले, "मी तिला काही सांगत नसतो. तुम्हीच एकदा इस्पितळात जाऊन या."

मास्तरांना उभं करायची वेळ आली, तेव्हा कुठं मालक आले. संत्र्यांची पिशवी घेऊन आले. वॉर्ड दाखवायला मी त्यांच्याबरोबर होतो. अक्कांनी पिशवी घेऊन खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, "यांना धरा. असं नाही, काखेतून हात घाला. सगळं वजन येणार आहे तुमच्यावर." मास्तरांनी पाय टेकला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला सांगता येणार नाही. त्यांची बोटं मालकांच्या दंडात रुतली होती. चार पावलं झाल्यावर दोघेही घामानं भिजले होते. मालक खाली बघत म्हणाले, "मास्तर, माफ करा."

मास्तर सज्जन माणूस. धापा टाकत, कसंबसं हसत ते म्हणाले, "परवागिल्ल." म्हणजे चालायचंच, हरकत नाही.

आणि अक्का भडकल्या. अख्खा वॉर्ड दचकला. "परवागिल्ल म्हणू नका! आयुष्यभर पाय ओढत फळ्यापर्यंत जाणार आहात तुम्ही, आणि यांना परवागिल्ल? तुम्ही सगळे परवागिल्ल म्हणता, म्हणून हे फोन करत नाहीत. हरकत आहे म्हणा. म्हणा!"

मास्तरांचं हसू गेलं. त्यांनी मान वर करून मालकांकडे बघितलं. मग ते म्हणाले, "हरकत आहे. माझी हरकत आहे." आणि रडायला लागले. मालकांनी त्यांना सोडलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

यानंतर मालक सुधारले असं सांगायला मला आवडलं असतं. काही महिने दुकानात प्रत्येक गाडी गिऱ्हाइकासमोर ढकलून दाखवत होते. मग दुकान जे. पी. नगरला गेलं, नवा बोर्ड, नवे मेकॅनिक, तीच घाई. तिथून आणलेल्या गाडीवरून पडलेला एक माणूस वॉर्डात आला, त्या दिवशी अक्का जेवल्या नाहीत. स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचे आवाज वर माझ्या खोलीपर्यंत येत होते. "राग करून तब्येत बिघडवून घेता," असं मी म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "तू शांत आहेस ना, मग तू जा उद्या त्या फाटकात उभा राहायला." दुसऱ्या दिवशी मी गेलो. शांत काही राहता आलं नाही.

बेंगळूर सोडलं त्या दिवशी अक्का घरी नव्हत्या. सामान रिक्षात ठेवून मी इस्पितळात गेलो. जिन्यावर त्या एका तरुण बाईला कुबडी घेऊन पायऱ्या उतरायला शिकवत होत्या. मी खालच्या पायरीवर उभा राहून म्हणालो, "अक्का, निघतो मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नजर त्या बाईच्या पावलावर होती.

"वाटेत उभा राहू नको," त्या खेकसल्या. "बाजूला हो. ती उतरतेय."

मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. ती बाई एकेक पायरी करत माझ्या अगदी जवळून खाली गेली, आणि अक्का तिच्या मागोमाग. पुढं काही वर्षांनी यजमानांचा फोन आला, अक्का गेल्याचं सांगायला. फोन ठेवून मी खाली गेलो, गाडी फाटकापर्यंत ढकलली आणि ब्रेक दाबून बघितला.