लहानपणीच वारलेली बहीण

भाऊबीज आली, की ती घटना आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते.

पोलिसातल्या माझ्या नोकरीची शेवटची वर्षं अंबरनाथला गेली. पालेगावच्या बाजूला तेव्हा भातशेतांवर इमारती चढत होत्या. रस्त्यावर एका संकुलाचा भलामोठा फलक होता: मागे निळा समुद्र, पुढे आरामखुर्चीत पहुडलेलं जोडपं. समुद्र बघायचा तर आमच्याकडच्या माणसाला मुंबई गाठावी लागते. पण फलकावर लाटा आल्या आणि मागच्या शेतांचा भाव वाढला, हे खरं.

भाऊबिजेच्या दुपारी बंदोबस्ताची वाटणी चालली असताना उल्हासनगरचा एक सिंधी जमीन-दलाल मिठाईचा डबा घेऊन पोलीस ठाण्यात आला. डबा मी बाहेर ठेवायला सांगितला. तो माझ्यासाठी नव्हताच. पालेगावच्या एका जमीनमालकाकडे दलाल तो डबा द्यायला गेला होता. मालक घरी नव्हता. त्याची बायको सहज म्हणाली, नणंदेकडे गेलेत ओवाळून घ्यायला.

"साहेब, मैं तो फँस गया," दलाल म्हणाला. "याने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलंय, बहीण लहानपणीच वारली, वारस मी एकटाच. मी इसाराचे पैसे देऊन बसलोय. मग ही ओवाळणारी कोण?"

संध्याकाळी मालकाला बोलावलं. कपाळावर कुंकवाचा टिळा ताजा होता. मी पहिला प्रश्न विचारायच्या आत त्याने तो रुमालाने पुसला. माणूस काय बोलतो ते नंतर ऐकावं, आधी काय पुसतो ते बघावं.

उत्तर मात्र त्याच्याकडे तयार होतं. ती मानलेली बहीण, सख्खी लहानपणीच गेली. कितीही फिरवून विचारलं तरी तो तेच सांगत राहिला. गावातले साक्षीदारही त्याचेच. शेवटी महिला हवालदाराला पाठवून त्या बाईंना आणवलं.

भावाला पोलिसांनी नेलंय एवढंच त्यांना कळलं होतं. त्या फराळाचा डबा घेऊनच आल्या. मी भावाला म्हणालो, ह्या कोण, ते यांच्यासमोर सांग. त्याने जमिनीकडे बघत सांगितलं, "मानलेली बहीण."

बाईंनी फराळाचा डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुझ्या पोरीच्या कानान नाव कोनी सांगितलं रं? मानलेल्या आत्यानं?"

आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. सख्खी असताना तो कोणी दुसऱ्या बाईला देत नाही.  भाऊ रडू लागला आणि त्याने सगळं सांगितलं. वडील गेल्यावर गावातल्या शहाण्यांनी त्याला समजावलं होतं, हा भाव ऐकल्यावर कुठलीच बहीण हक्क सोडणार नाही.

प्रतिज्ञापत्र मी बाईंना वाचून दाखवलं. चोऱ्या, मारामाऱ्या, खून सगळं पाहिलेला मी, पण जिवंत बाईला तिचं मरण वाचून दाखवायची वेळ पहिल्यांदाच आली.

"कितव्या वर्साला मेले मी, साहेब?"

"सहाव्या."

"सहाव्या वर्साला मी याला कडेवर घेऊन शेतावर जायचे." मग भावाकडे वळून म्हणाल्या, "मागितलं आसतंस तर एका साडीवर सही केली आसती."

हा धक्का मला अजून पचलेला नाही. जी जमीन त्याला फुकट मिळाली असती, तिच्यासाठी त्याने बहीण मारली होती. तीही कागदावर, आणि दरवर्षी ओवाळून घेत.

गुन्हा नोंदवला, दोषारोपपत्र गेलं, व्यवहार थांबला. भाव चढला की शेतं विकली जातात हे मला ठाऊक होतं. आपल्या माणसाबद्दलचा भरवसा त्याआधीच विकला जातो, हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या भाऊबिजेला तो भाऊ जामिनावर होता. तो बहिणीच्या दारात गेला, हे मला दलालाकडून कळलं. सोबत साडी होती आणि हक्कसोडीचा कागद. बाईंनी पाट मांडला, त्याला ओवाळलं, गोड खाऊ घातलं. निघताना साडी आणि सही न केलेला कागद दोन्ही त्याच्या हातात परत दिले.