मोहाखालची न झाडलेली जागा

चिमूरच्या तहसील कार्यालयासमोर लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. पुराव्यावाचून मी कोणाचे काही मानत नाही. भुताखेतांचे तर नाहीच. तरीही पुढील हकीकत जशी घडली तशी नमूद करणे मला कर्तव्य वाटते...

माझा हा दुसरा संसार. मी विधुर, पत्नी विधवा. तिच्या पहिल्या यजमानांना मोहफुले वेचताना वाघाने नेले, तेव्हा तिची मुलगी करुणा पाच वर्षांची होती. आता ती तेरा वर्षांची आहे. माझा बंटी सहाचा. करुणाला मोहल्ल्यात 'सीआयडी' म्हणतात. कोणाची कोंबडी कोणी दडवली, मोटारीची वायर कोणी कापली — पोरगी मातीवरच्या खुणा पाहून सांगते.

आमच्याकडे मोहाची झाडे वहिवाटीने घराण्याकडे चालतात. फुले गळण्यापूर्वी झाडाखालचा पाला जो झाडतो, फुले त्याची. करुणाच्या वडिलांच्या झाडाखाली त्या दुर्घटनेपासून कोणी झाडू लावला नव्हता. गेल्या चैत्रात आम्ही तेथे जाण्याचे ठरवले, तोच तिचे काका गजानन दारात हजर.

"करुणा येऊ दे, वहिनी. पण हा पोरगा आमच्या झाडाखाली नाई पाहिजे. त्याचं काय हाय तिथी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे गेलो, तर झाडाखालची जमीन लख्ख झाडलेली! गजाननने ताबा घेतला, हे उघड होते. पोलिसांत द्यावयाची तक्रार मी जागीच लिहावयास घेतली.

"थांबा ना, बाबूजी," करुणा म्हणाली. "मले एकच काका हाय. त्याईले जेलात टाकून राह्यले का?"

तेवढ्यात गजाननही टोपली घेऊन पोहोचला. माझ्या हातातील कागद पाहून भडकला.

"वकीलसाहेब, लिहा, लिहा! माह्या भावाचं रक्त सांडलं इथी. माह्यानं झाडू तरी धरवते का?"

करुणा उकिडवी बसून धुळीतील झाडूचे फराटे पाहत होती.

"काकाजीनं नाई झाडलं. झाडणारा डावरा होता."

पत्नीने पदर तोंडाला लावला. तिचे पहिले यजमान डावखुरे होते.

बुंध्याजवळ वाळक्या पानांचा एक तुकडा तेवढा न झाडता सोडलेला होता. करुणा तेथे थबकली.

"बाबा मले बसाले पानं ठेवत. म्हणत, इथीच बस, हालू नको."

हे पत्नीलाही ठाऊक नव्हते. बापलेकच पहाटे येत असत. मी हरकत घेतली — "तेव्हा तू लहान होतीस. ही जागा मोठी आहे."

ती मांडी घालून बसली. पाने तिच्या गुडघ्यांपर्यंत बरोबर पुरली, आजच्या करुणाच्या.

शेजारीच पानांचा आणखी एक, लहान तुकडा होता. कोणी अडवण्यापूर्वी बंटी त्यावर जाऊन बसला. तोही नेमका मावला.

गजाननने टोपली खाली ठेवली.

"बस रे बाबू. हालू नको," म्हणाला, आणि फुले वेचू लागला.

तक्रार मी फाडली. करुणाचे वडील गेले तेव्हा बंटीचा जन्मही झालेला नव्हता... परतताना मी विचारले, "काय सीआयडी, केस सुटली?"

"झाडलं कोनं ते समजलं, बाबूजी. पण बंटीचं माह्या बाबाले कोनं सांगतलं?"