घरचा मटका, कार्बन पावतीसह

जुगार कसा सोडावा यावर मी उल्हासनगरच्या एका साप्ताहिकात बरंच लिहिलं आहे. पानात कोपरा रिकामा राहिला की संपादक हाच विषय द्यायचे. त्यातला एक लेख माझ्या काकांनी वाचला. त्यात सात उपाय होते. काकांनी त्याच संध्याकाळी सत्त्यावर वीस रुपये लावले.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, राहायला उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये कमी करायला ते पंधरा मिनिटं घालवत. शेअर रिक्षाचे पाच रुपये वाचवायला स्टेशनवरून चालत येत आणि वाटेतल्या टपरीवर त्या पाचात पंचेचाळीस घालून मटका लावत. याला ते काटकसर म्हणत.

काकूने विहारात शपथ घ्यायला सांगितली तेव्हा ते म्हणाले, "पाची शीलं पाळतो मी. त्यात आकडा कुठं आहे, दाखव."

काकूने वाद घातला नाही. त्यांच्या मुलीची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी जूनअखेर भरायची होती. नाही भरली तर नाव कमी होणार होतं. काकू कॅम्प पाचला गेली आणि कार्बनचं पावतीपुस्तक घेऊन आली.

"टपरीवर जाऊ नका," ती म्हणाली. "आकडा मी घेते. भाव तोच, दोन आकड्यांच्या जोडीला नव्वदपट. उधारी नाही."

"आणि लागला तर?"

"रोख देईन."

काकांना हे आवडलं. टपरीवर आकडा सिगारेटच्या पाकिटाच्या तुकड्यावर लिहून मिळायचा. इथे छापील पावती, वर चहा. निकाल टपरीच्या पाटीवरचाच धरत. महिन्याभराने टपरीवाला स्वतः दारात आला.

"भाभी, मेरा रोज का गिराइक तोड दिया आपने."

"चहा घ्या," काकू म्हणाली. "आकडा लावायचा असेल तर रोख."

काकांचे हरलेले पैसे काकू ज्यात टाकायची तो फीचा डबा भरत आला आणि काकांची पन्नास रुपयांची जोडी लागली. साडेचार हजार. मी तिथेच होतो. माझ्या चुलत बहिणीने आईचा हात धरला. "आई, नको ना देऊस." काकूने हात सोडवला, डबा सतरंजीवर उपडा केला, पैसे दिले आणि काकांची सही घेतली. फी भरायला तेरा दिवस उरले होते.

"काका, निदान पोरीच्या फीपुरते तरी परत द्या," मी म्हणालो.

"जिंकलेला पैसा असा मोडायचा नसतो," ते म्हणाले. पैशाच्या मोलाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

पैसा मोडायचा नसल्यामुळे त्यांनी तो लावला. घर लकी आहे, असं त्यांचं मत झालं होतं. रोज चारशे, तेही काकूकडेच. त्यांच्यासारखी बरीच माणसं मी पाहिली आहेत. जिंकलेल्या पैशाइतकं त्यांना दुसरं काही टोचत नाही. बाराव्या दिवशी त्यांची शेवटची नोट डब्यात गेली. तेराव्या दिवशी बहीण बदलापूरच्या कॉलेजात जाऊन फी भरून आली. त्या संध्याकाळी काकूने पावतीपुस्तक कपाटात ठेवलं.

"मी हरत असताना बंद?" काका म्हणाले. "याला बेइमानी म्हणतात."

"टपरी आहे की."

पण ते टपरीवरही गेले नाहीत. घरची बाई असं करते तर बाहेरच्याचा काय भरवसा, असं म्हणून त्यांनी रुसून मटका सोडला. माझ्या सात उपायांत हा नव्हता.

मग ते कारखान्यातल्या नव्या पोरांना उपदेश करायला लागले. एका रविवारी त्यातले दोघे घरी आले होते. "पैसा असा राखावा लागतो," काका त्यांना सांगत होते. "पोरीची फी एकरकमी भरली मी."

मी काकूकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"भरली ना त्यांनी," ती म्हणाली. "एकेका नोटेची कार्बन कॉपी आहे माझ्याकडे."