झोक्याला वेल्डिंग

धाकटी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी सहा वर्षांची होती. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. सकाळी दहाला डोकं दुखायला लागलं आणि दुपारी सगळं संपलं. मी राजारामपुरीत औषधांचं दुकान चालवते, त्यामुळे दवाखान्याच्या कागदावरचं सगळं मला वाचता आलं, एवढंच. रडू आलं नाही. तेरावं झाल्यावर मुलीला नेसरीहून कोल्हापूरला घेऊन आले. तिचे वडील म्हणाले, "आक्का, शाळंचं वरीस संपूस्तवर ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. मग बघू."

त्या 'मग बघू'मध्ये मला वाव दिसला. मला ती मुलगी कायमची ठेवून घ्यायची होती. माझा मुलगा पुण्यात नोकरीला, त्याची खोली रिकामी. शाळा चालत पाच मिनिटांवर. तिकडे घरात वडील आणि गुडघ्यांनी बसवलेली आजी, शिवाय दारात चार म्हशी. कुणाही शहाण्या माणसाला विचारलं असतं तर त्याने मुलगी मलाच दिली असती.

मुलगी जेवत होती, झोपत होती, शाळेला जात होती. मी कपाटाचा एक खण तिला मोकळा करून दिला होता. ती मात्र धुतलेले कपडे घडी करून परत स्वतःच्या बॅगेतच ठेवायची. दोन महिने मी ते पाहिलं आणि मग एका शनिवारी दुकान लवकर बंद करून झोका आणायला गेले.

"मुलगा का मुलगी?" दुकानदाराने विचारलं.

"झोक्याला काय फरक पडतो?"

"न्हाय, रंग दोन हाईत, म्हणून इचारलं."

रविवारी घरामागच्या परड्यात खोकं उघडलं. पाइप, दोन साखळ्या, प्लॅस्टिकची पाटी, नट-बोल्टची पुडी आणि एक चित्रांचा कागद. चित्रातला माणूस हसत हसत एकटाच झोका जोडत होता. आमच्या ह्यांनी तो कागद बघितलासुद्धा नाही. ते शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये मेंटेनन्सला आहेत, तीस वर्षं झाली. त्यांनी एक पाइप उचलून डोळ्याला लावला.

"हा पाइप हाय का फुकणी?"

"जोडा आधी," मी म्हटलं.

भोकं जुळत नव्हती. दोन जुळली की तिसरं सरकायचं. मी पाइप धरून उभी, मुलगी नट हातात घेऊन उभी. तासाभराने सांगाडा उभा राहिला. ह्यांनी त्याला धरून हलवलं तसा तो कुरकुरला. झालं. पोराटोरांच्या जिवाचा प्रश्न असला की हे बोल्टवर विश्वास ठेवत नाहीत. कामावरची सगळीच मंडळी तशी. एकाच्या घरी तुळशीकट्ट्याची जाळीसुद्धा वेल्डिंग मारून बसवलेली आहे. हे ओळखीच्या वर्कशॉपमधून मशीन घेऊन आले.

"बोल्ट म्हंजे भाड्याचं घर," ते म्हणाले. "पर बघ हां, वेल्डिंग मारल्यावर निघणार न्हाय. ह्या बोळातनं अख्खा बाहेर काढता येणार न्हाय."

"काढायचाय कशाला?" मी म्हटलं.

 ते तोंडासमोर काच धरून कामाला लागले. मी काय करवून घेत होते ते त्यांना कळलं होतं. मलाही कळत होतं. सगळे सांधे वेल्ड केले, चारही पाय खड्ड्यात घालून काँक्रीट ओतलं. तीन दिवस पाणी मारलं. चौथ्या दिवशी खात्री करायला हे स्वतःच पाटीवर बसले.

"काका, उतरा की. त्यो बारक्या पोरांचा हाय," मुलगी म्हणाली. आमच्या घरी आल्यापासून तिने कुणाला दरडावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील आले, शेंगांचं पोतं घेऊन. मुलीने त्यांना हाताला धरून थेट परड्यात नेलं. त्यांनी तिला थोडा वेळ झोका दिला, मग सांध्यावरून बोट फिरवलं.

"पक्कं केलंय की."

"पक्कंच पाहिजे, पावणं," हे म्हणाले.

"मग न्यायचा कसा?"

 मुलगी पाय लांब करून झोके घेत होती. मी सगळं सांगितलं. शाळा, खोली, शिकवणी, मोठी झाल्यावर कॉलेज. मुद्देसूद सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

"तुमचं काय बी चुकीचं न्हाय, आक्का," ते म्हणाले. "पर सांजंला धार काढून घरात आलो की कोण कायच इचारत न्हाय. किती दूध दिलं म्हशीनं, एवढं तरी कुणी इचाराय पायजे का नको? आई झोपलेली असती. मी चरवी घिऊन दारातच हुबा ऱ्हातो."

 मी आत जाऊन चहा टाकला. उकळून उतू गेला तरी मला दिसलं नाही.

चहा देताना म्हटलं, "परीक्षा झाल्यावर न्या. मधेच शाळा बदलू नका."

"व्हय," ते म्हणाले.

हे त्यांना विचारत होते, झोका न्यायला पिकअप कुणाची आणणार, तिचा मागचा हौदा किती लांबीचा. त्यांनी हातांनी अंदाजे दाखवलं. मी म्हटलं, अंदाज नको, टेपने मोजून फोन करा.

मे महिन्यात हे ग्राइंडर घेऊन आले. मोजलेल्या मापाने खडूच्या खुणा मी केल्या. कुठे कापायचं, तिकडे पुन्हा बोल्टने जोडायला कुठे पट्टी लावून भोकं पाडायची, ते ठरवलं. पाइप कापताना मुलगी कानांवर हात ठेवून लांब उभी होती. पायाचं काँक्रीट पहारीने उकरून काढायला दुपार झाली. मग ती जवळ आली.

"मावशी, आता तुझ्याकडं काय ऱ्हायलं?"

"चार खड्डे."

"त्यात काय करणार?"

"मिरच्या लावीन."

तिने एका खड्ड्यात वाकून बघितलं.

"मिरचीला एवढा खोल कशाला? पपई लाव," ती म्हणाली आणि बॅग आणायला आत गेली.